बोटाला सोसेल तेवढाच ताव

स्टोन क्रीक, मॉंटाना
२२ जुलै १९५६

हॅलवर,

तुझं पत्र पोचलं. पहिलं पानभर माझी तब्येत, गाई आणि छपराची चौकशी वाचली तेव्हाच म्हटलं, दुसऱ्या पानावर काहीतरी मागणं असणार. तब्येत बरी आहे, गाई माझ्याहून बऱ्या आहेत, छप्पर गळतं. पुंगळ्या मिळणार नाहीत.

‘नुसत्या पडून असलेल्या पुंगळ्या’ म्हणे. तू अठराव्या वर्षी घर सोडून स्पोकेनच्या रेल्वे वर्कशॉपात गेलास, तेव्हा तुला तसं वाटणारच. या घरात त्या कधीच पडून नव्हत्या. बाबांच्या बंदुकीच्या मापाची काडतुसं आता कुठलाच कारखाना काढत नाही. तंबाखूच्या डब्यात आहेत तेवढ्याच पितळी पुंगळ्या उरल्या. बार काढला की गोळी जाते, पुंगळी मागे राहते. ती उचलायची, पुसायची, नवी दारू आणि गोळी भरायची, की पुन्हा काडतूस तयार. पण पितळ हट्टी माणसासारखं असतं, प्रत्येक तडाख्याला आणखी कडक होतं. काही वेळा भरली की पुंगळीचं तोंड उभं चिरतं, आणि मग ती गेलीच. तसं होऊ नये म्हणून तोंडाला ताव देऊन ते पुन्हा मऊ करावं लागतं. इतकी वर्षं तो ताव कोण देत होतं? तू नाही.

तळघरात बसून मी आणि बाबा द्यायचो. मेणबत्तीच्या ज्योतीत पुंगळीचं तोंड, बूड उघड्या बोटांत, आणि फिरवत राहायचं. बोटांना चटका सोसेना झाला की ओल्या फडक्यावर टाकायची आणि दुसरी घ्यायची. बाबांनी कधी चिमटा हातात घेऊ दिला नाही. ‘बोटाला सोसत नाही ते बुडाला सोसत नाही,’ एवढंच म्हणायचे. त्यांचे हात कापायला लागल्यापासून सगळ्या पुंगळ्या मी एकटीने केल्या आहेत. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना आता सुई टोचली तरी कळत नाही.

मार्चमध्ये जाण्याआधी बाबांनी अंथरुणावरून वाटणी सांगितली ती तुझ्यासमोरच. बंदूक हॅलवरला, पुंगळ्या आणि साचे सिग्नेला. पाद्री म्हणतो, म्हाताऱ्याने मुद्दाम तसं केलं, म्हणजे भावंडं एका टेबलाशी येतील. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी ताप होता.

आता मुद्द्याचं. हॉगनच्या कुरणात दर ऑक्टोबरात नेमबाजीचा सामना होतो, त्यात यंदा तुला बाबांच्या जागेवर उतरायचंय, हे मला हॉगनकडून कळलं. सख्ख्या भावाच्या मनातलं कुरणाच्या मालकाकडून कळावं, याला काय म्हणायचं? नियम मला माहीत आहे. ओळीतली जागा घराण्याची, घराण्याची बंदूक जो आणेल तो तिथे, आणि काडतुसं ज्याची त्याने स्वतःच्या हाताने भरलेली. पण तू तीस वर्षांत एकदाही त्या कुरणात आला नाहीस. बाबांच्या शेजारी दुर्बीण घेऊन मी बसत होते, वारा मी सांगत होते. ती जागा मला हवी आहे. आडून आडून मागत नाही, सरळ मागते आहे.

बंदूक पाठव. पुंगळ्या इथे आहेतच.

तुझी थोरली बहीण, अजून तरी,
सिग्ने

——

स्पोकेन
२ ऑगस्ट १९५६

सिग्ने,

पत्र वाचून आयव्हीला म्हटलं, माझी बहीण अजिबात बदललेली नाही. आयव्ही म्हणाली, मग तुला आनंद व्हायला हवा. माझी बायको असंच काहीतरी बोलते.

तुला जागा हवी. छान. हॉगनला विचारलंस? मी विचारलं. त्याने कळवलं की नेमबाजीच्या दिवशी बायकांनी भट्टीत भाजलेले गोड ‘पाय’ आणायचे असतात, सफरचंदाचे आणि रानातल्या हकलबेरीचे, आणि तुझा पाय नेहमी खालून करपलेला असतो. हे त्याचं म्हणणं, माझं नाही. मी तुझा पाय गेल्या तीस वर्षांत खाल्लेला नाही.

खरं सांगतो. बाबांनी मला एकदाही तळघरात बसू दिलं नाही. ‘तुला धीर नाही, वर जा’ म्हणायचे. मी वर जायचो, आणि खालून तुमच्या दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. मग मी आणखी लांब गेलो. आता त्यांनी बंदूक मला दिली आहे. एकदा त्या जागेवर पोट टेकून मला हॉगनच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. तेवढंही मी मागू नये का?

तुझा तंबाखूचा डबा तुला लखलाभ. लष्कराच्या जुन्या पुंगळ्या इथे पिंपभर मिळतात. आखूड कापायच्या, तोंड दाबून आपल्या मापाचं करायचं. साचे मी लेथवर स्वतः काढतो आहे. तू मेणबत्ती घेऊन माळ जपत बस.

हॅलवर

——

स्टोन क्रीक
१२ ऑगस्ट १९५६

हॅलवर,

जप. तोंड दाबलंस की चिरणार, हे आजच लिहून ठेवते. चिरलेल्या पुंगळ्यांचा ढीग झाला की कळव, मला हसायला हवं आहे. इथे त्याशिवाय हसण्यासारखं काही नाही, गवत कापणी चालू आहे.

हॉगनला मी काल दुकानात गाठलं. दुकानवाली मॉड गल्ल्यावर होती, चारदोन गिऱ्हाइकं होती, म्हटलं बरंय, साक्षीदार आहेत. मी सांगितलं की यंदा बाबांच्या जागेवर मी उतरणार. तो हसला. मग म्हणाला की बंदूक तर हॅलवरकडे आहे, तू काय झाडूने नेम धरणार? लोक हसले. वर म्हणाला, तुमच्या घराण्याने नाहीतरी आमच्या तुळईला कधी काही दिलंच नाही.

तुळईचं तुला आठवत असेल. सामना संपला की प्रत्येक जण हॉगनच्या शेडच्या तुळईत गिरमिटाने भोक पाडतो आणि आपली शेवटची पुंगळी बुडापर्यंत ठोकून बसवतो. सगळ्या घराण्यांच्या पुंगळ्यांची बुडं तिथे ओळीने चमकतात. तुळईतला आपल्या घराण्याचा भाग मात्र कोरा आहे. बाबांनी कधी एक पुंगळी वाया घालवली नाही, कारण गेलेली पुंगळी परत मिळणार नव्हती. लोकांनी त्यांना चिक्कू म्हटलं, ते ऐकून घेत. मी मात्र या वेळी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांदेखत हॉगनला म्हटलं, ‘भोक कुठे पाडायचं ती जागा पुसून ठेव.’

आता माघार नाही. तू बंदूक दे किंवा देऊ नकोस.

सिग्ने

——

स्पोकेन
२६ ऑगस्ट १९५६

सिग्ने,

हस. पहिल्या खेपेच्या निम्म्याहून जास्त पुंगळ्या दाबताना चिरल्या, तू म्हणालीस तशाच. तोंडं पाकळ्यांसारखी फाकली, वर्कशॉपातली पोरं त्यांना ट्युलिपची फुलं म्हणतात.

पण तुझं हसून झालं असेल तर पुढचं वाच. ताव द्यायचा ना? मग एकेक पुंगळी चिमटीत धरून बोटं कशाला भाजायची? आमच्याकडे चाकांचे आस लाल करायची भट्टी आहे. लोखंडी ट्रेमध्ये सगळ्या पुंगळ्या उभ्या मांडल्या आणि बुडापासून तोंडापर्यंत एकसारख्या लाल होईपर्यंत आत ठेवल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाहेर आल्या त्या पावाच्या लादीसारख्या, सगळ्यांचा एकच रंग. नंतर साच्यातून अशा गेल्या की जणू लोणी. एकही चिरली नाही. बाबांनी आणि तू सगळा जन्म तळघरात घालवलात आणि मी जेवणाच्या सुट्टीत उरकलं.

शुक्रवारी भरतो. रविवारी दगडाच्या खाणीवर जाऊन चाचणी घेतो. ऑक्टोबरात भेटूच. पाय करपवू नकोस.

हॅलवर

——

स्टोन क्रीक
३० ऑगस्ट १९५६

हॅलवर,

त्या पुंगळ्यांतून बार काढू नकोस.

काल तुझं पत्र आलं तशी दुकानात धावले आणि वर्कशॉपात फोन लावला. तू म्हणालास, ‘डाव चांगला आहे, सिग्ने,’ आणि फोन ठेवलास. मॉड ऐकत होती, तिलाही वाईट वाटलं. डाव नाही. म्हणून लिहिते आहे, नीट वाच.

तोंड मऊ लागतं, बूड नाही. बार होतो तेव्हा सगळा जोर बुडावर येतो. बूड कडक असतं म्हणून ते जाळ अडवतं आणि गोळी पुढे जाते. तू बूडच लाल केलंस. मऊ बूड फुगेल, फाटेल, आणि तो जाळ मागे येईल. मागे तुझा गाल असेल, डोळा असेल. बाबा चिमटा का धरू देत नव्हते, कळलं आता? बुडाला धरलेलं बोट हेच त्यांचं माप होतं. बोट भाजायला लागलं की थांबायचं, म्हणजे बुडापर्यंत ऊब पोचते, ताव पोचत नाही. त्या भट्टीत कुणाचं बोट होतं?

माझ्यावर विश्वास नसेल तर तुझी एक रिकामी पुंगळी घे आणि बुडाजवळ पक्कडीत दाब. मग माझी दाब.

हो, माझी. या पत्राबरोबर तंबाखूचा डबा पाठवते आहे, बसच्या ड्रायव्हरच्या हाती, तो तुझ्या वर्कशॉपात आणून देईल. सगळ्या आहेत, एकही मागे ठेवलेली नाही. जूनमध्येच ताव देऊन ठेवलेल्या आहेत. यातच भर आणि यातच मार. जागाही तुझी. हॉगनला मी सांगेन की मी माघार घेतली, आणि तो हसेल ते ऐकून घेईन. फक्त ती तुझी लादी नदीत फेक.

तुला गमावण्यापेक्षा जागा गेलेली बरी. हे मला लिहायला लावलंस म्हणून तुझा राग आला आहे.

सिग्ने

——

स्पोकेन
८ सप्टेंबर १९५६

सिग्ने,

डबा मिळाला. मी ठीक आहे.

ऑक्टोबरात मला यायला जमणार नाही. कामं फार आहेत. बंदूक वर्कशॉपात आहे, थोडं काम काढलं आहे. जास्त विचारू नकोस.

हॅलवर

——

स्टोन क्रीक
१३ सप्टेंबर १९५६

हॅलवर,

‘जास्त विचारू नकोस.’ बरं. विचारत नाही, सांगते.

तू जिवंत आहेस हे वाचून मी अंगणातल्या ओंडक्यावर बसले, आणि खोटं कशाला सांगू, रडले. मग उठले, पुन्हा पत्र वाचलं आणि पुन्हा बसले, या वेळी संतापाने. बंदूक तुझ्याकडे. साऱ्या पुंगळ्याही तुझ्याकडे. मी हॉगनच्या दारात जाऊन माघार घेतली, त्याची बायको पडद्याआडून ऐकत होती. आणि आता तुला कामं आहेत? मी म्हटलेलं खरं निघालं म्हणून रुसलास, एवढंच ना? लहानपणी पत्त्यांत हरलास की पत्तेच चुलीत टाकायचास. आजही तेच. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ द्यायचं नाही.

तर ऐक. तू येणार नसशील तर माझी माघार मी परत घेते. सहा ऑक्टोबरला मी कुरणात जाणार, बंदूक असो वा नसो. बाबांच्या जागेवर रिकाम्या हाताने पालथी पडेन. हॉगनने मला उचलून दाखवावं. माझं वजन आईवर गेलं आहे.

सिग्ने

——

स्पोकेन
१८ सप्टेंबर १९५६

प्रिय सिग्ने,

आपण दोघी दोनदाच भेटलो, आमच्या लग्नात आणि तुमच्या बाबांच्या दफनाला, त्यामुळे मी तुम्हाला पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. हॅलवरला माहीत नाही. तुमचं शेवटचं पत्र वाचल्यापासून तो जेवताना बोलत नाही. एरवी मला ते आवडलं असतं.

तो रुसलेला नाही. तो शरमेने गप्प आहे, आणि या माणसाचं दोन्ही वेळचं तोंड सारखंच दिसतं.

डबा आणि तुमचं पत्र शनिवारी आलं. त्याने पत्र वाचलं आणि टेबलावर टाकलं. मी उचलून वाचलं. मी म्हटलं, पक्कडीत दाबून बघ. तो म्हणाला, आपल्या हाताच्या कामाची परीक्षा मी बहिणीच्या चिठ्ठीवरून घेणार नाही. भरलेल्या काडतुसांतूनच बार काढणार, उद्याच. मला बंदुकीतलं काही कळत नाही, सिग्ने. पण तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही जागा सोडता आहात. जी बाई एका जागेसाठी सगळ्या गावाशी भांडते, ती डावासाठी ती जागा सोडणार नाही, एवढं मला कळलं. म्हणून मी ट्रकची किल्ली खिशात घातली आणि सांगितलं की खाणीवर मीही येते, बंदूक जुन्या टायरला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि पहिला बार दगडामागून काढायचा. नाहीतर ट्रक हलणार नाही. तो खूप चिडला. पण दोरी बांधली.

आवाज झाला तो बंदुकीचा वाटलाच नाही, बॉयलर फुटल्यासारखा होता. पुंगळीचं बूड फाटून जाळ मागे आला. खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याचे दोन तुकडे झाले, मागचा खटका वाकला. दस्त्याची एक ढलपी टायरमध्ये रुतली होती, बरोबर तिथे जिथे माणूस गाल टेकवतो. हॅलवरने ती उपटली आणि तिथेच खडीवर बसला. मी त्याला उठ म्हटलं नाही. तिथूनच तो म्हणाला, ‘तिने सगळ्या पाठवल्या. एकही ठेवली नाही तिने.’

घरी आल्यावर त्याने पक्कड घेतली. त्याची पुंगळी बुडाजवळ कागदाच्या नळीसारखी दबली. तुमची दबेना, पक्कड घसरली.

तेव्हापासून तो रोज वर्कशॉपात थांबतो. खटका त्याने सरळ केला, नळीला धक्का लागलेला नाही असं म्हणतो. आता अक्रोडाचा नवा दस्ता तासतो आहे. काल मला भिंतीशी उभं केलं, कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं आणि विचारलं, सिग्ने तुझ्याहून उंच आहे की बुटकी? मी म्हटलं, दफनाच्या दिवशी तिने मला मिठी मारली तेव्हा तिची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली होती. त्याने ते ध्यानात घेतलं आणि पुन्हा मोजलं.

मी हे सगळं सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. आणि कुरणात रिकाम्या हाताने जाऊ नका, थोडं थांबा.

तुमची,
आयव्ही

——

स्पोकेन
२७ सप्टेंबर १९५६

सिग्ने,

आयव्हीने तुला लिहिलं आहे, हे मला माहीत आहे. ती टपालाची तिकिटं मोजून ठेवत नाही, मी ठेवतो.

म्हणजे काय घडलं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही. ढलपी मी वर्कशॉपात माझ्या कामाच्या टेबलाजवळ खिळ्याला लटकवली आहे. पोरं विचारतात हे काय, मी सांगतो माझा गाल.

या पेटीत बंदूक आहे. डबाही आहे. एक पुंगळी मी भरली होती, नव्या दस्त्याची चाचणी घ्यायला. दोरीने, टायरला बांधून, आयव्ही ट्रकमध्ये किल्ली घेऊन बसलेली. बंदूक ठणठणीत आहे आणि पुंगळीचं तोंड शाबूत आहे. बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. त्या तूच भर, म्हणजे हॉगन विचारेल तेव्हा ‘माझ्या हाताच्या’ असं तुला खरं खरं म्हणता येईल. मला म्हणता आलं नसतं. भरल्या असत्या मी, पण तोंडाचा ताव तुझ्या बोटांचा आहे.

दस्ता पाहशील तर तुला आखूड वाटेल. वाटू दे. आयव्हीच्या अंगावरून अंदाज काढला, आणि तुझा उजवा खांदा पडका आहे हे आठवत होतं, लहानपणी तू सफरचंदाच्या झाडावरून पडलीस तेव्हापासून. मी खाली उभा होतो आणि झेललं नाही. दस्ता मुद्दाम असा कापला आहे. तो आता माझ्या खांद्याला बसत नाही, मी लावून पाहिला, गुडघ्यांत डोकं घातल्यासारखं होतं. हॉगन उद्या म्हणाला की ही बंदूक हॅलवरची, तर त्याला म्हण, हॅलवरला उचलून नेम धरून दाखवायला सांग.

बाबांनी मला वर पाठवलं त्याचा राग मला अजून आहे. धीर नव्हता हे खरं, पण धीर शिकवता येतो. ते चुकले, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. तुझ्यावरचा राग मात्र त्या खाणीवर संपला.

पेटीच्या तळाशी भुशात एक गिरमिट आहे. आमच्याच भट्टीतलं पोलाद. भोकाचं माप तुझ्या पुंगळीच्या बुडाचं आहे.

हॅलवर

——

स्टोन क्रीक
८ ऑक्टोबर १९५६

हॅलवर आणि आयव्ही, दोघांनाही,

पेटी स्टेशनातून मी स्वतः आणली. दस्ता खांद्याला लावला आणि तो बसला. तीस वर्षं मी बाबांची बंदूक पुसत होते, ती माझ्या खांद्याला कधीच बसली नव्हती. मी नेहमी मान लांब करून बघायचे आणि वाटायचं, बंदूक अशीच असते. झाडाचं मी विसरले होते. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, वेड्या, झेलणार कसा?

आता शनिवारचं सांगते. वारा डोंगरावरून होता, आडवा. मी ओळीत गेले तशी हॉगनने मला अडवलं. म्हणाला, तू माघार घेतली होतीस. मी म्हटलं, परत घेतली. म्हणाला, बंदूक हॅलवरची आहे. मी ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, हॅलवर सहा फूट आहे, तू साडेपाच, तूच लावून बघ. त्याने लावली. त्याचं नाक अंगठ्यावर आपटलं. मागची माणसं हसली, आणि या वेळी ती माझ्यावर हसली नाहीत.

मग तो म्हणाला की असं कधी झालेलं नाही. हे मात्र त्याने हळू आवाजात म्हटलं, आणि मला वाटतं खरंच त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, कधी झालेलं नाही असं तर बाबांचं मरणही होतं. आणि सरळ जाऊन चटईवर पालथी पडले. त्याला मला उचलावं लागलं असतं. तो माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. त्याचे बूट मला दिसत होते. मग त्याने सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, काडतुसं कुणाच्या हातची? मी म्हटलं, ‘माझ्या. पुंगळीपासून.’ बूट पुढच्या माणसाकडे गेले.

पहिली आले असं वाटत असेल तर पत्र खाली ठेवा. दोन बार वाऱ्याने नेले, आणि एकदा मीच श्वास सोडायला विसरले. पण एक गोळी अशी मधोमध बसली की खूण दाखवणाऱ्या पोराने झेंडा दोनदा हलवला. हॉगनच्या मागे आहे मी, आणि त्याच्या दोन्ही मुलांच्या पुढे. एकाही पुंगळीचं तोंड चिरलं नाही.

सामना संपल्यावर सगळे शेडमध्ये गेले. एकेक जण गिरमिट घ्यायचा, भोक पाडायचा, आपली पुंगळी ठोकायचा. माझी पाळी आली तेव्हा गिरमिट सापडेना. हॉगनचा थोरला म्हणाला, आत्ता तर इथेच होतं. कुणी वर बघत होतं, कुणी बुटांकडे. मी कोटाच्या खिशातून तुझं काढलं.

पोलाद चांगलं आहे. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड, पण ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. तुझ्या पावाच्या लादीच्या लोण्यासारखं नाही, खऱ्या लोण्यात. भुसा माझ्या बुटांवर पडत होता. झेंडा दोनदा हलला होता तीच पुंगळी मी निवडली. अजून कितीतरी वेळा भरता आली असती ती. बाबा असते तर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नसते, आणि तळघरात म्हणाले असते, शहाणी असशील तर पुन्हा करू नकोस. मी पुन्हा करणार आहे, दर वर्षी एक. डबा रिकामा होईपर्यंत मी जगेन असं वाटत नाही, आणि जगलेच तर हॅलवर, तू येशील आणि तळघरात बसशील. लष्कराच्या पुंगळ्या आण, पिंपभर. साचे तू काढलेले चांगले असणार. ताव मी शिकवेन. चिमटा आणायचा नाही.

आयव्ही, तूही ये, आणि किल्ली खिशात ठेव. हकलबेरीचा पाय मी करीन. तो खालून करपतो हे खरं आहे.

पुंगळी तुळईतल्या आपल्या घराण्याच्या कोऱ्या भागात बसवली आहे. बुडापर्यंत ठोकली, वरून हाताने पुसली. हॉगनने नख लावून पाहिलं, हलली नाही. ती आता काढायची तर त्याला तुळई कापावी लागेल, आणि छप्पर त्याचं आहे.

सिग्ने